डॉन एवारिस्तोच्या चारशे बारा वस्तू

"त्यात काय एवढं? एका शनिवारात खोली रिकामी करून देतो."

हे वाक्य लिसांद्रो बेर्तोलोत्तीच्या तोंडून निघून गेलं, ते सासऱ्यांच्या नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपल्यावर, दुसऱ्या कपातली कॉफी ढवळताना. माणूस कॉफी ढवळत असला की त्याला सगळंच सोपं वाटतं.  त्याच्या बायकोने, मिर्ताने, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात ही नजर लिसांद्रोने तीनदाच पाहिली होती: एकदा त्याने छताची गळती स्वतः काढायचं ठरवलं तेव्हा, आणि दोनदा त्याने तिच्या वडिलांशी वाद घालायचं ठरवलं तेव्हा.

तिचे वडील म्हणजे डॉन एवारिस्तो सुबेल्दिया. (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने डॉन म्हणतात, बाईला डोन्या.) त्र्याऐंशी वर्षांचे होऊन एका सोमवारी सकाळी गेले. रविवारी जाणं शक्यच नव्हतं, रविवारी शर्यत होती. गाड्यांच्या शर्यतीतलं जे जे म्हणून उचलून, मागून, उपटून किंवा पळवून आणता येतं, ते ते या गृहस्थांनी साठ वर्षं आणलं होतं आणि घराच्या समोरच्या खोलीत रचलं होतं. खोली भरली तेव्हा तिथलं जेवणाचं टेबल गेलं, मग कपाट गेलं, मग खिडकी गेली. खिडकी गेली म्हणजे होती तिथेच, पण तिच्यापर्यंत पोचणारा मनुष्यप्राणी पंचवीस वर्षांत झाला नव्हता.

"मला ती खोली हवी आहे," सासूबाई डोन्या नेलिदा त्या दिवशी म्हणाल्या होत्या. "खिडकीशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचंय मला. बावन्न वर्षं या घराच्या मागच्या अंगाने जग बघितलं मी. मागच्या अंगाला काय, तर शेजारच्या पोरोताचे दोरीवरचे परकर."

त्यावर लिसांद्रोने वरचं वाक्य टाकलं.

"वा! मग तोवर मी तुमच्याकडेच राहते," सासूबाई म्हणाल्या. त्यांची बॅग दाराशी भरून तयार होती. ती केव्हा भरली, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

पहिल्या शनिवारी लिसांद्रो हातमोजे घालून, गावातून भाड्याने आणलेला छोटा ट्रक दाराशी लावून खोलीत शिरला. शिरला म्हणजे एक पाय आत गेला. दुसऱ्या पायाला जागा करण्यासाठी त्याला एका फोर्ड गाडीचा दरवाजा, आठ टायर आणि कोण्या मेकॅनिकच्या पायाचं प्लॅस्टर बाहेर काढावं लागलं. प्लॅस्टरवर एकोणीस सह्या होत्या. त्यामागे, शर्यतीच्या वळणावर आडोशाला रचतात तसली, गवताची एक अख्खी पेंढी होती. तिला पुठ्ठा बांधलेला: "वळण तिसरं, १९७१. इथे घुसला." कोण घुसला ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नसावी. एका बाटलीत करडी माती, बाटलीवर "१९५८ ची धूळ". एक कुत्र्याचा पट्टा. एक लाउडस्पीकरचा भोंगा. आणि कोपऱ्यात, अंगावर चर्चच्या मेणबत्त्यांचे डाग घेऊन उभा असलेला, कमरेएवढा उंच, पांढरा रंगवलेला रस्त्यावरचा मैलाचा दगड: "कि.मी. ३११".

लिसांद्रो चष्म्यांच्या दुकानाचा माणूस. काच, फ्रेम, नंबर, बिल. एखादी वस्तू डोळ्यांना उपयोगी पडत नसेल तर ती कशाला ठेवायची, हा त्याचा सरळ हिशोब. त्याने पेंढी उचलली आणि ट्रककडे निघाला.

सान एलादिओ हे असं गाव आहे की तिथे सल्ला मागावा लागत नाही. दार उघडं राहिलं की पुरतं. पहिल्या दहा मिनिटांत कुंपणावरून डोन्या पोरोताचं डोकं वर आलं.

"जाळून टाक, बाळा," ती म्हणाली. "सगळं जाळ. माणूस गेल्यावर वस्तू ठेवल्या की घरात ओल येते. फक्त वारा बघून जाळ. माझे कपडे वाळताहेत."

पाठोपाठ बँकेतला एक कारकून सायकलवरून उतरला आणि राजधानीत लिलाव करा म्हणाला. त्याच्या मेहुण्याच्या ओळखीचा एक मनुष्य लिलावात असे, तो आता नव्हता. शाळेच्या मुख्याध्यापिकेने ते सगळं शाळेला द्यायला सांगितलं आणि लगेच शाळेत जागा नाही म्हणून सांगितलं. कोणीतरी म्हणालं, चर्चला द्या. कोणीतरी म्हणालं, चर्चला नको, तिथून आणलेल्या मेणबत्त्यांचाच विषय निघेल.

एवढ्यात कचऱ्याची गाडी आली. लिसांद्रोला हायसं वाटलं. तो पेंढी घेऊन पुढे झाला. कचरेवाल्याने पेंढीवरचा पुठ्ठा वाचला, डोक्यावरची टोपी काढली आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"ही ती पेंढी?"

"कुठलीही असो. घ्या."

"साहेब, त्या दिवशी माझा बाप या पेंढीपासून चार पावलांवर उभा होता. ही मी कचऱ्यात टाकू? मला वर जाऊन बापाला तोंड दाखवायचंय." आणि गाडी पुढे निघून गेली. जाताना मागच्या माणसाने पोरोताचा कचराही घेतला नाही. त्याबद्दल तिने लिसांद्रोला महिनाभर जबाबदार धरलं.

संध्याकाळी पेंढी पुन्हा खोलीत गेली. ट्रकवाल्याचं भाडं गेलं ते वेगळं.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. सान एलादिओत चर्च एक, पण धर्म दोन: फोर्ड आणि शेवरोले. मूल कुठल्या घरात जन्मलं त्यावर ते कुठल्या गाडीसाठी ओरडणार हे ठरतं, आणि बाप्तिस्म्याचं पाणी वाळून जातं तसं हे वाळत नाही. फोर्डवाल्यांच्या मंडळाचं घर म्हणजे फुल्हेन्सियोच्या मटणाच्या दुकानामागची खोली. शेवरोलेवाल्यांचं, क्लेमेन्तेच्या बेकरीमागची. त्यामुळे गावात अशी कुटुंबं आहेत ज्यांनी तीन पिढ्या चांगला पाव खाल्लेला नाही, आणि अशीही आहेत जी मटणासाठी चाळीस किलोमीटर जातात. डॉन एवारिस्तो फोर्ड मंडळाचे एकतीस वर्षं अध्यक्ष होते. लिसांद्रोचं लग्न ठरताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. लिसांद्रो म्हणाला होता, "मला गाड्यांचं काही कळत नाही." डॉन एवारिस्तोंनी त्यावर बराच विचार केला आणि मुलीला म्हणाले, "शेवरोलेपेक्षा बरा."

मिर्ताने सुचवलं, नगरपालिकेच्या संग्रहालयाला देऊन टाक. संग्रहालयात तेव्हा पेंढा भरलेला एक पुमा आणि गावाच्या संस्थापकाचे बूट होते. त्यातला एक उजवा आणि दुसराही उजवा. जागा होती भरपूर.

सांस्कृतिक खात्याच्या प्रमुख सेन्योरा एचेपारे यांनी लिसांद्रोला बसायला खुर्ची दिली. त्यावरूनच त्याने सावध व्हायला हवं होतं.

"अतिशय आनंद झाला," त्या म्हणाल्या. "फक्त वस्तूंची यादी लागेल. तीन प्रतींत. प्रत्येक वस्तूचं माप, वजन, साल आणि ती कुठून मिळाली. खाली संग्राहकाची सही."

"संग्राहक वारले."

"अरेरे. मग मृत्यूचा दाखला, तीन प्रतींत. आणि ते सही का करू शकत नाहीत याचं कारण, वेगळ्या कागदावर."

"कारण... ते वारले."

"हो, पण वेगळ्या कागदावर."

लिसांद्रोने तो कागद लिहिला. "श्री. सुबेल्दिया हे मृत असल्यामुळे सही करण्यास असमर्थ आहेत." सेन्योरा एचेपारेंनी तो वाचला आणि "तूर्त असमर्थ" असं करून आणायला सांगितलं. नमुन्यात तसं होतं.

मग यादी सुरू झाली. दुकान बंद झाल्यावर रोज संध्याकाळचे दोन तास लिसांद्रो त्या खोलीत वजनकाटा आणि शिंप्याची टेप घेऊन बसे. वस्तू कुठून मिळाली हे कळायला डॉन एवारिस्तोंच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागत, चिठ्ठ्या जुळायला शर्यतींची जुनी पत्रकं वाचावी लागत, आणि पत्रकं एकमेकांशी भांडत असत. १९६२ च्या सान एलादिओच्या शर्यतीत दुसरा कोण आला, यावर त्याच्या तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याला पुरावा सापडला तेव्हा तो एकटाच "हां!" असं ओरडला आणि मग दचकून आजूबाजूला पाहू लागला.

दिवसा दुकानात वेगळंच. डोन्या नेलिदांना मुलीच्या घरात करमेना, म्हणून त्या दुकानात येऊन बसू लागल्या. काउंटरच्या बाजूला खुर्ची. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायला मिळतं म्हणून खूश. नुसतं बघत बसल्या असत्या तरी चाललं असतं.

"ही फ्रेम नको गं," त्या गिऱ्हाइकाला सांगत. "हिने तुझा चेहरा भाकरीसारखा दिसतो. आधीचीच बरी होती. काचा पुसल्यास का कधी? दे इकडे." आणि पदराला—म्हणजे त्यांच्या ॲप्रनच्या टोकाला—काच पुसून त्या म्हणत, "घे. दिसतंय का आता? झालं की मग! नवा चष्मा कशाला?"

दिसायचं. गिऱ्हाईक आभार मानून निघून जायचं. एका पंधरवड्यात त्यांनी सान एलादिओतल्या अकरा लोकांची नजर सुधारली आणि लिसांद्रोने एकही चष्मा विकला नाही.

"सासूबाई," तो एकदा शक्य तितक्या मऊपणे म्हणाला, "आपण जरा घरी आराम केलात तर?"

"आराम माझ्या खिडकीशी करणार, जावईबुवा. कुठवर आली यादी?"

"दोनशे चाळीस."

"शनिवार कुठला म्हणाला होतात?"

सहाव्या आठवड्यात यादी पूर्ण झाली. चारशे बारा वस्तू. तीन प्रती टंकून, कोपऱ्यात शिवून त्याने नेऊन दिल्या. सेन्योरा एचेपारेंनी पाठ थोपटली आणि सांगितलं की आता नियमाप्रमाणे यादी नगरपालिकेच्या फलकावर दहा दिवस लागेल. कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून.

"कोणाची असणार?" लिसांद्रो म्हणाला.

सान एलादिओत वर्तमानपत्र येतं ते दुपारी आणि त्यात गावाचं काही नसतं. त्या दहा दिवसांत फलकासमोर जेवढी गर्दी झाली तेवढी राज्यपाल आले तेव्हाही नव्हती.

पहिली हरकत आली राष्ट्रीय रस्ते खात्याकडून. किरोगा नावाचे एक उंच, दुःखी इन्स्पेक्टर जीपमधून आले आणि दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "वस्तू क्रमांक सतरा आपल्याकडे आहे?"

सतरा म्हणजे मैलाचा दगड. मिळाल्याचं ठिकाण या रकान्यात लिसांद्रोने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: "राष्ट्रीय मार्गावरून, रात्री."

"सरकारी दगड आहे तो," किरोगा म्हणाले. "चोरी आहे."

"तीस वर्षांपूर्वीची! आणि माझ्या सासऱ्यांची!"

"ते कुठे आहेत?"

"तूर्त असमर्थ आहेत," लिसांद्रो म्हणाला. जीभ दुसरं काय करणार, सवय झाली होती.

"मग आपण सही करा. इथे." फॉर्मवर छापलेलं होतं: 'अपहारकर्ता किंवा त्याचा वारस'. ज्या मनुष्याने आयुष्यात कधी रांग मोडली नव्हती, त्याने काउंटरवर, आपल्याच पेनने, आपल्याच गिऱ्हाइकांदेखत चोराचा वारस म्हणून सही केली. डोन्या नेलिदा मान वाकवून पाहत होत्या. "अक्षर छान आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या.

"आता दगड घेऊन जा," लिसांद्रो म्हणाला.

किरोगांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तिथेच तर अडलंय. त्या जागी आम्ही तेव्हाच दुसरा बसवला. हा परत घेतला तर तीनशे अकराला दोन दगड होतात. नाही घेतला तर चोरी उघडी राहते. मी वर लिहितो." ते वर लिहायला निघून गेले.

दुसरी हरकत क्रमांक दोनशे अठ्ठ्याऐंशीवर आली. ती एक नाही, साठ-सत्तर आली. दोनशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे तळाच्या पत्र्याच्या ट्रंकेतली एक लोकरीची मानपट्टी, मफलरसारखी. पातळ कागदात गुंडाळलेली, डांबराच्या गोळ्या घातलेली, धुऊन इस्त्री केलेली. रकान्यात लिसांद्रोने लिहिलं होतं: "मानपट्टी, विणलेली, शेवरोलेच्या चिन्हासह. १९६६. स्थिती उत्तम."

स्थिती उत्तम! फोर्डच्या अध्यक्षाच्या ट्रंकेत! गाव पेटलं.

खाटीक फुल्हेन्सियो दुकानात आला तो हात न धुताच आला. "कोणी ठेवली ती? खरं सांग. तू ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू?"

"तुला काही कळत नाही म्हणतोस. न कळणारेच असं करतात! एकतीस वर्षं आमचा अध्यक्ष. त्याच्या पेटीवर आम्ही आमचा झेंडा घातला, लिसांद्रो! झेंड्यासकट पुरलाय त्याला!"

तासाभराने बेकरीवाला क्लेमेन्ते आला, तो हसू दाबत, हातात गोड पावांचा पुडा घेऊन. "मला नेहमी वाटायचंच," तो म्हणाला. "एवढा समंजस माणूस. मनातून आमचाच होता. बिचारा! किती सोसलं असेल. संग्रह आम्हाला द्या, आम्ही सन्मानाने ठेवू. दरवाजा तेवढा नको."

आणि शुक्रवारी नगरपालिकेचं पत्र आलं. दोन मंडळं आणि एक सरकारी खातं यांच्या हरकती आल्यामुळे फाइल प्रांताच्या राजधानीत पाठवण्यात येत असून निर्णयास साधारण अठरा महिने लागतील. तोपर्यंत सदर वस्तू जागच्या हलवू नयेत.

लिसांद्रोने 'अठरा महिने' हे शब्द वाचले आणि समोर पाहिलं. समोर सासूबाई पाद्रीबाबांना सांगत होत्या की त्यांचा नंबर वाढलेला नाही, बायबल जरा लांब धरा.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला डॉन एवारिस्तोंच्या घरासमोर दोन पिकअप गाड्या उभ्या राहिल्या. एकीवर फोर्डवाले, दुसरीवर शेवरोलेवाले, आणि दोन्हींच्या मध्ये हात पसरून, दाराला पाठ लावून लिसांद्रो.

"बाजूला हो, चष्मेवाल्या!" फुल्हेन्सियो म्हणाला. "आम्ही आमचं ते घेऊन जातो, आणि ती घाण चौकात जाळतो."

"हात लावून बघ मानपट्टीला!" क्लेमेन्ते गाडीवरून ओरडला. "एवारिस्तोची शेवटची इच्छा आहे ती!"

"त्याची इच्छा तू सांगणार? तुझ्या पावाला तो कधी शिवला नाही!"

"गुपचूप खायचा! मागच्या दाराने न्यायचे त्यांच्या घरी, बावन्न वर्षं! विचार जाऊन!"

"कोण न्यायचं?"

क्लेमेन्तेने जीभ चावली. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं होतं.

"मी न्यायचे," डोन्या नेलिदा म्हणाल्या.

त्या रस्ता ओलांडून आल्या होत्या, मिर्ताच्या हाताला धरून. गर्दीने वाट दिली. त्यांनी लिसांद्रोला हळूच बाजूला सारलं, जसं दारातल्या मांजराला सारतात, आत गेल्या आणि ट्रंकेतली मानपट्टी घेऊन बाहेर आल्या. गळ्यात घातली. चांगली दिसत होती.

"माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझा बाप शेवरोले, माझे भाऊ शेवरोले. मी लग्न केलं म्हणून काय फोर्ड होते का? नाव बदललं, बाकी काय बदलायचं असतं?"

कुंपणापलीकडे पोरोताच्या हातून कपड्यांचे चिमटे खाली पडले.

"आई?" मिर्ता म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

फुल्हेन्सियोने टोपी काढली. "डोन्या नेलिदा... अध्यक्षांना ठाऊक होतं?"

"ठाऊक? त्यानेच आणली ही. सहासष्टच्या शर्यतीतून. कोटाच्या आत लपवून, घामाघूम होऊन घरी आला. म्हणाला, नेलिदा, ही घरात कोणाला दिसली तर मला गाव सोडावं लागेल. रविवारी तो इकडे रेडिओ लावायचा आणि मी स्वयंपाकघरात. मधलं दार स्वतः लावून घ्यायचा. शेवरोले जिंकली असली की जेवताना विचारायचा, आज रॅव्हिओली एवढी चांगली कशी झाली? मी म्हणायचे, अशीच. बस. त्याहून जास्त आम्ही या विषयावर कधी बोललो नाही." त्यांनी गळ्यातली मानपट्टी सारखी केली. "शेवटच्या रविवारीही त्याने दार लावलं. उठवत नव्हतं, तरी उठून लावलं."

मिर्ता रडत होती. फुल्हेन्सियोने आजही हात न धुतल्याचं आठवून मनगटाने डोळे पुसले. क्लेमेन्ते गाडीवरून खाली उतरला, कारण अशा वेळी उंचावर उभं राहणं त्याला बरं वाटेना.

लिसांद्रोच्या खिशात मात्र ते पत्र होतं. "सासूबाई," तो कसाबसा म्हणाला, "सगळं खरं. पण अठरा महिने यातलं काही हलवता येत नाही. संग्रह जागेवर राहायला हवा."

"संग्रह असेल तर राहील ना?" डोन्या नेलिदा म्हणाल्या. "ही माझ्या नवऱ्याची घरातली जुनी अडगळ आहे आणि आज मी ती लोकांना वाटणार आहे. एका माणसाला एक वस्तू. फोर्डवाला असो, शेवरोलेवाला असो. पोरोता, तूसुद्धा ये. कुंपणावरून काय बघतेस?"

वाटप संध्याकाळपर्यंत चाललं. लोक रांगेत उभे राहिले. लिसांद्रो यादी घेऊन दाराशी बसला आणि प्रत्येकाला त्याच्या हातात काय आलंय ते सांगू लागला. दरवाजा फुल्हेन्सियोने डोक्यावर घेऊन नेला. कुत्र्याचा पट्टा क्लेमेन्तेने मागून घेतला. १९६९ मध्ये शर्यतीत आडवं गेलेलं कुत्रं त्याच्या आजीचं होतं, आणि घरात तो विषय काढायला बंदी होती. कचरेवाला सुट्टीचे कपडे घालून आला आणि पेंढी घेऊन गेला. पोरोताने धुळीची बाटली पसंत केली. का, ते तिने सांगितलं नाही, आणि ज्या बाईने आयुष्यभर धूळ झाडली तिला विचारायचं धाडसही कोणी केलं नाही. पाचच्या सुमाराला जीप आली.

"वरून उत्तर आलं," इन्स्पेक्टर किरोगा आणखी दुःखी होऊन म्हणाले. "दगड परत घ्यायचा आणि मूळ जागी बसवायचा. नव्या दगडाबद्दल उत्तरात काही नाही."

तेव्हापासून सान एलादिओहून निघालेली बस तीनशे अकरावा किलोमीटर दोनदा पार करते. नगरपालिकेला लिसांद्रोने तीन प्रतींत कळवलं की सदर वस्तू हलवलेल्या नसून अस्तित्वात नाहीत. फाइल तरीही राजधानीला गेली. अजून तिथेच असावी.

रविवारी डोन्या नेलिदा आपल्या घरी परतल्या. समोरची खोली झाडून, पुसून, खिडकी उघडून ठेवलेली. खुर्ची खिडकीशी. मिर्ताने पडदेही लावले. दोनला शर्यत सुरू होणार होती. डोन्या नेलिदांनी रेडिओ आणून चौकटीवर ठेवला, चालू केला, आणि दोन मिनिटांत बंद केला.

"काय झालं, आई?"

"मजा नाही. दोन माणसं नकोत का? एकटीने काय ओरडायचं?" त्यांनी लिसांद्रोकडे पाहिलं. तो भिंतीजवळ कोट काढत उभा होता. "जावईबुवा, बसा इथे. आजपासून तुम्ही फोर्ड."

"मी? मला गाड्यांचं काही—"

"कळत नाही? काल दाराशी बसून साठ वर्षांचा इतिहास सांगत होता कोण? बसा म्हणते ना. नुसतं ऐकायचं आहे."

सासूबाई परत दुकानात येऊन बसण्यापेक्षा हे बरं, असा विचार करून लिसांद्रो बसला. पहिल्या काही फेऱ्या तो घड्याळ बघत होता. नवव्या फेरीत निवेदक म्हणाला की सान एलादिओच्या शर्यतीत बासष्ट साली अमुक एक दुसरा आला होता, तेव्हा तो म्हणाला, "साफ चूक." विसाव्या फेरीत फोर्ड पुढे होती आणि तो खुर्चीच्या कडेवर आला होता. पंचविसाव्या फेरीत तो उभा राहिला. शेवटच्या फेरीच्या आधीच्या वळणावर फोर्डचा मागचा टायर गेला.

"नाही!" लिसांद्रो ओरडला. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले.

शेवरोले जिंकली.

आणि मग डोन्या नेलिदा बोलू लागल्या. बावन्न वर्षं बंद दारामागे जिंकलेल्या, हरलेल्या सगळ्या शर्यतींचं देणं त्यांनी त्या एका दुपारी वसूल केलं. टायर म्हणाल्या, चाकं म्हणाल्या, फोर्ड म्हणजे पळणारा पत्रा म्हणाल्या. खिडकीतून पोरोताला हाक मारून सांगितलं, समोरून जाणाऱ्या पाद्रीबाबांना थांबवून सांगितलं. रॅव्हिओली वाढताना सांगितलं. मधे थांबून जावयाच्या तोंडाकडे बघायच्या आणि गालातल्या गालात हसून पुन्हा सुरू करायच्या.

मिर्ताने गोड फ्लानची, म्हणजे अंड्याच्या पुडिंगची, बशी पुढे ठेवली. लिसांद्रोने ती बाजूला सारली, कोट चढवला आणि सासूबाईंना नमस्कारही न करता बाहेर पडला. कोपऱ्यावर मिर्ताने त्याला गाठलं.

"अहो, काय झालं? चेष्टाच करत होती ती."

"चेष्टेचा प्रश्न नाही," लिसांद्रो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "टायर गेला म्हणून. नाहीतर बारा सेकंदांनी पुढे होतो आम्ही."